वारंवार लघुशंका

ज्या गोष्टीचा उच्चार चारचौघांत करण्यास संकोच वाटतो, तिच्याविषयीं घरांतील माणसें बहुधा कोणाशींच बोलत नाहींत. रात्रीं चार वेळां उठणारे आजोबा सकाळीं "झोंप छान लागली" म्हणतात. सुनेला जळजळ होत असली तर ती आठ दिवस धण्याच्या पाण्यावर काढते. म्हणून या महिन्यांत आम्हीं हाच विषय घेतला आहे.

प्रौढ मनुष्यास चोवीस तासांत ६ ते ८ वेळां लघवी होणें स्वाभाविक होय. एकूण प्रमाण सुमारें दीड ते दोन लिटर. परंतु नुसत्या वेळा मोजून भागत नाहीं. दर वेळीं थोडी होते कीं भरपूर, हा खरा प्रश्न. थोडी थोडी होत असेल तर दोष बहुधा मूत्राशयाचा किंवा त्याच्या वाटेचा. भरपूर होत असेल तर पिण्यांत, औषधांत अथवा रक्तांतील साखरेंत कारण शोधावें. खुणा केलेलें एखादें भांडें न्हाणीघरांत ठेवून तीन दिवस वेळ व माप टिपावें. डॉक्टरांना आपल्या वर्णनापेक्षां हा कागद अधिक उपयोगी पडतो.

निरुपद्रवी कारणें पुष्कळ आहेत. नागपुरांत पौषांत पारा १० अंशांच्या आसपास उतरतो; घाम थांबतो, कातडीकडील रक्त आंत वळतें आणि मूत्रपिंडें अधिक पाणी बाहेर टाकतात. चहाचा चौथा पेला, निजतांना तांब्याभर पाणी, रक्तदाबाची मूत्रल गोळी सायंकाळीं घेणें, हींही तशींच. (गोळीची वेळ बदलावयाची ती डॉक्टरांना विचारूनच.) उन्हाळ्यांत प्रकार उलटा. पारा ४५ वर गेला कीं लघवी दाट होते व जळजळीमुळें पुन्हां पुन्हां जावेंसें वाटतें. त्यावर पाणी अधिक प्यावें, तर कित्येकजण तें कमी करतात. कचेरींत स्वच्छ शौचगृह नाहीं म्हणून स्त्रिया तर दिवसभर घोटभरही घेत नाहींत. मुंबईंत २०११ सालीं स्त्रियांच्या संस्थांनीं 'राइट टु पी' ही चळवळ उभारली ती याच दुःखापोटीं. वेग अडवूं नये यावर चरकसंहितेंत एक सबंध अध्याय आहे, हें आमच्या शाळाचालकांनीं एकदां वाचावें.

त्याच ग्रंथांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगून लघवीकडे मुंग्या धांवतात हें लक्षणही नोंदलें आहे. आज मुंग्यांची वाट पाहण्याचें कारण नाहीं. उपाशीपोटीं रक्तांतील साखर १२६ किंवा त्याहून अधिक असल्याचें दोनदां दिसलें, कीं मधुमेह समजावा. तहान वाढली, लघवी भरपूर होऊं लागली आणि वजन उतरलें, तर ही तपासणी त्याच आठवड्यांत करावी. अंथरूण ओलें करण्याचें सोडलेलें मूल पुन्हां तसें करूं लागलें व सारखें पाणी मागूं लागलें, तर त्याच दिवशीं.

पुरुषांत पन्नाशीनंतर प्रोस्टेट नांवाची ग्रंथि वाढूं लागते. धार बारीक होते, सुरू होण्यास वेळ लागतो, झाल्यावरही कांहीं उरल्यासारखें वाटतें. ही वाढ बहुधा कर्करोगाची नसते, आणि औषधानें पुष्कळांस आराम पडतो. "वय झालें" म्हणून सोसण्यांत कांहीं पुरुषार्थ नाहीं. धोका निराळाच आहे. सर्दीसाठीं दुकानांतून आणलेल्या कांहीं गोळ्यांनीं मूत्राशयाचें तोंड आणखी आवळतें व लघवी एकाएकीं अडते. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ अशा गोळ्या घेऊन रात्रभर दर दहा मिनिटांनीं उठत होते. थेंब थेंब होत होती, म्हणून अडलेली नाहीं असा त्यांचा समज! सकाळीं रुग्णालयांत नळी घातली तेव्हां लिटरभराहून अधिक निघाली. भरलेलें मूत्राशय असेंच वरून सांडतें. असा प्रसंग आल्यास उजाडण्याची वाट पाहूं नये.

स्त्रियांमध्यें जंतुसंसर्ग फार आढळतो. जळजळीसह ताप, हुडहुडी व कुशींत दुखणें असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोंचला असण्याचा संभव असतो. तेथें धण्याचें पाणी पुरणार नाहीं. गरोदर स्त्रीनें तर साध्या जळजळीसही दाखवावें. लघवींत रक्त एकदांच दिसलें, दुखलें नाहीं व आपोआप थांबलें, तरी तें सोडून देऊं नये. दुखत नाहीं म्हणूनच पुष्कळ लोक उशीर करतात. कंबरदुखीबरोबर पाय बधिर किंवा लुळे पडूं लागल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

आरंभीं तपासण्या दोनच पुरतात, लघवीची आणि साखरेची. येथील मेडिकल व मेयो या सरकारी रुग्णालयांत त्या होतात; तज्ज्ञाकडे जाण्याचें पुढें ठरवितां येतें.