उसाच्या तळावरची लेकरं: कारखाना परिसरातील ग्रामस्थांना आवाहन



दिवाळीच्या आगेमागे बीड, जालन्याकडच्या ऊसतोड टोळ्या आपल्या शिवारात उतरतात. आई-बाप पहाटेच कोयता घेऊन फडात जातात. तान्हं पोर पाचटावर झोपतं, त्याला राखायला सात-आठ वर्षांची बहीण. आपण जाता-येता बघतो आणि म्हणतो, "यांची पोरं काटक, त्यांना काही होत नाही."

होतं. दिसायला वीस-तीस वर्षं लागतात, एवढंच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांहून सुमारे ८०० ग्रॅम हलकी. पण अंगात चरबी फारशी कमी नव्हती, कमी पडले होते स्नायू. असं शरीर पुढे मधुमेहाला लवकर बळी पडतं. म्हणजे आज सातव्या महिन्यात मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या पोटातल्या बाळाचं चाळिशीतलं आरोग्य आत्ताच ठरू लागलं आहे.

भुकेइतकीच भीतीही शरीरात झिरपते. अमेरिकेत सॅन दिएगोच्या हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणातली मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन यांविषयी विचारलं गेलं. निष्कर्ष १९९८ मध्ये आले: असे अनुभव जितके जास्त, तितका मोठेपणी हृदयविकार, नैराश्य, दारू यांचा धोका चढता. आणि ही माणसं बहुतेक शिकलेली, पोटापाण्याची ददात नसलेली होती! मग तळावरच्या कोपीत वाढणाऱ्या पोरांचं काय होत असेल?

तळ आपल्या गावात पाच-सहा महिने असतो. या महिन्यांत गावाच्या हातात बरंच काही आहे. सहा वर्षांखालची पोरं आणि गर्भवती, स्तनदा माता यांची नावं आपल्याच अंगणवाडीत घालता येतात. आहार, वजन, लसीकरण तिथेच होतं. अंगणवाडीताई आणि आशाताई एकट्या तळावर गेल्या तर मुकादम दाद देत नाही, म्हणून सोबत कुणी जाणतं माणूस जावं. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा हंगामाच्या मध्यातही घेते. जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवणं शिक्षणहक्क कायद्यात बसत नाही. गुरुजी टाळाटाळ करत असतील तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. कोवळ्या पोरीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं, मारहाण दिसली, तर १०९८ ला फोन करा. नाव गुप्त राहतं.

बागायतदारांनो, फड तुमचा आहे. तोडीची पाळी आली की मुकादमाला पहिली अट घाला: पोरं फडात नकोत, तळावर त्यांना सांभाळायला टोळीतलीच एक बाई थांबेल आणि तिची मजुरी बुडणार नाही. ती मजुरी कुणी द्यायची, शेतकऱ्याने, कारखान्याने की ग्रामपंचायतीने, हे येत्या ग्रामसभेत ठरवू. तळाला नळ आणि शौचालय देण्याचा विषयही त्याच सभेत घेऊ. सर्वांनी यावं, बायकांनी तर नक्कीच.

आपले,
गावातील शिक्षक, आशाताई व अंगणवाडीताई