मोतीलाही आमंत्रण?

नवरात्रात कोल्हारला भगवतीमातेच्या दर्शनाला आमचं सगळं कुटुंब जमतं. यंदा पुण्याच्या वन्सं म्हणाल्या, "मोती नाही, तर मीही नाही." यजमान गेल्यापासून तो कुत्राच त्यांची सोबत. सासूबाई सोवळ्यावर अडल्या. खरं सांगू, मैत्रिणींनो? दत्ताच्या पायाशीही कुत्री असतातच की! मला काळजी लेकरांची. गर्दीत बुजलेलं गरीब कुत्रंही चावतं, आणि रेबीजची लक्षणं दिसली की माणूस सहसा वाचत नाही. वन्संना कळवलंय, लशीचं कार्ड आणा. मोती परसात राहील, पोरं एकटी तिकडे जाणार नाहीत. दात लागलाच, तर जखम 15 मिनिटं साबण-पाण्यानं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. सासूबाई अजून फुगलेल्याच. पण मोतीला भाकरी चालते का, हे विचारून झालंय.