गोदामाईची आरती आणि सायखेड्याची घागर

नाशिकच्या रामकुंडावर गोदावरीची आरती होते. तेच पाणी पुढे निफाड तालुक्यात सायखेड्याच्या काठाने वाहत नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याशी जाऊन थांबते. रामकुंडावर जिला माता म्हणून वंदन केले, ती सायखेड्यास पोहोचेपर्यंत कोणत्या अवस्थेत असते? हा प्रश्न केवळ पर्यावरणाचा नाही. तो समाजाच्या श्रद्धेच्या प्रामाणिकपणाचा आहे.

नाशिक शहर पिण्याचे पाणी मुख्यत्वे वरच्या अंगाच्या गंगापूर धरणातून घेते आणि सांडपाणी खालच्या अंगास सोडते. तपोवन, आगरटाकळी अशा ठिकाणी शुद्धीकरण केंद्रे आहेत. परंतु प्रक्रियेतून निसटलेला मैला, नत्र आणि स्फुरद हेच पाणवेलींचे खत होते. पूर आला की या वेली वाहत येऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतात. २०१६ व २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरांनी सायखेडा-चांदोरी परिसराला वेढले. पुराचे पाणी विहिरीत शिरले की पिण्याचे पाणी दूषित होते आणि पाणी ओसरल्यावर रोगराईचे भय उरते.

अशा वेळी गावाची भिस्त असते ती टीसीएल पावडरीवर. पाण्यात ती मिसळल्यावर किमान अर्धा तास जावा लागतो आणि शेवटच्या घरच्या नळालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. पाणी गढूळ असेल, त्यात मैला असेल, तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. शिवाय क्लोरीन जंतू मारतो, नायट्रेट घालवत नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने ते कमी न होता उलट दाट होते. द्राक्ष, ऊस आणि कांदा पिकविणाऱ्या निफाडच्या शिवारात रासायनिक खतांचा विचार म्हणूनच पाण्याच्या विचारापासून वेगळा करता येणार नाही. दोष केवळ शहराच्या माथी मारून गावालाही मोकळे होता येत नाही.

कायद्यांची उणीव नाही. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ चा आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींकडे सोपविण्याचा मार्ग खुला केला. २०१९ मध्ये घोषित झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले. राज्यात पाणवठ्यांची स्वच्छता तपासून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. परंतु आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे किती ग्रामस्थांस ठाऊक असते? जलसुरक्षकाने नमुना कधी घेतला, अहवाल काय आला, हे ग्रामसभेत विचारले जाते काय?

जलाशयात मलमूत्र टाकू नये, हा दंडक आपल्या धर्मशास्त्राने घालून दिला. अहल्यादेवी होळकरांनी देशभर घाट आणि विहिरी बांधल्या, त्या धर्मकार्य म्हणूनच. त्याच परंपरेच्या समाजाने आपल्याच बांधवांना पाणवठा नाकारला, हे पापही विसरता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. एक पाणवठा हा समरसतेचा आग्रह आहे. पण तो पाणवठा निर्मळ नसेल, तर समता केवळ आजारपणाची उरेल. विकतचे पाणी परवडणारा सुटतो, मजुराची वस्ती भोगते.

सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो, कोट्यवधींची कामे होतात आणि स्वच्छतेचे मोजमाप रामकुंडावर केले जाते. ते सायखेड्यास व्हावे. शहराच्या खालच्या अंगाच्या पाण्याचा अहवाल दर महिन्यास नदीकाठच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावा, आणि गावानेही आपल्या टाकीची व विहिरीची निगा तितक्याच कठोरपणे तपासावी. ज्या दिवशी सायखेड्याची माउली निःशंक मनाने आपल्या लेकराच्या ओठी पाण्याचा पेला लावील, त्या दिवशी रामकुंडावरची आरती गोदामाईला खऱ्या अर्थाने पोहोचेल.