विषय: कार्ड हजारो दिरहॅमचं, केबल मात्र ड्रॉवरमधली!



सुट्टीला जाताना भाच्या-पुतण्यांसाठी इथून ग्राफिक्स कार्ड नेणारे आपल्यात बरेच आहेत. मीही त्यातलाच. बर दुबईच्या कॉम्प्युटर स्ट्रीटवर कार्डासाठी चार दुकानं पालथी घालतो आपण, पण त्याला करंट कुठून मिळणार हे कोणी विचारत नाही. मी पण विचारलं नव्हतं.

पुण्यात भाच्याच्या मशीनला एक केबल कमी पडली. माझ्याकडे इथल्या जुन्या पॉवर सप्लायची होती, तीही नेली होती (इंजिनियर ना आम्ही!). दोन्ही टोकं खट्‌कन बसली. सहज मल्टिमीटर लावला, तर जिथे ग्राउंड हवं तिथे १२ व्होल्ट! चालू केलं असतं तर कार्डाचं काय झालं असतं, सांगायला नको. मॉड्युलर केबलचं कार्डाकडचं टोक ठरलेलं असतं. सप्लायकडचं टोक प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्समध्येही वेगळं. तेव्हा केबल त्याच सप्लायच्या डब्यातली हवी. बसली म्हणजे चालेल असं नाही.

आता नवीन १६ पिनांच्या कनेक्टरबद्दल. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आलं आणि थोड्याच दिवसांत वितळलेल्या कनेक्टरचे फोटो फिरायला लागले. एनव्हिडियाचं म्हणणं, लोक प्लग पूर्ण बसवत नाहीत. ते खरंही आहे. पण सगळा दोष गिऱ्हाईकावर टाकणं मला पटत नाही. हिशोब करून बघा: जुना ८ पिनी कनेक्टर १५० वॅटचा, १२ व्होल्टच्या तीन तारा, म्हणजे तारेला साधारण ४ अँपियर, आणि पिन त्याच्या जवळपास दुप्पट सोसते. नवीन कनेक्टर ६०० वॅटचा, म्हणजे ५० अँपियर सहा तारांत, प्रत्येकी ८.३, आणि पिनची मर्यादा ९ च्या थोडी वर. एक पिन जरा सैल झाली की तिचा भार बाकीच्यांवर. २०२५ मध्ये ५७५ वॅटच्या ५०९० वर एका जर्मन ओव्हरक्लॉकरने एकाच तारेतून २० अँपियरच्या वर मोजले होते. मधे २०२३ मध्ये सेन्स पिना आखूड करून कनेक्टर सुधारला, म्हणजे अर्धवट बसला तर कार्ड लोड घेत नाही. चांगलं आहे, पण तारांमध्ये करंट सारखा वाटण्याचं काम त्याने होत नाही.

८ पिनी कार्ड असेल तर प्रत्येक सॉकेटला सप्लायपासून वेगळी केबल लावा. एकाच केबलला लोंबणारी दोन टोकं वापरू नका. सीपीयूची ८ पिनी केबल दिसायला तशीच असते, पण तिचं प्लस-मायनस उलटं. ती दाबून घुसवू नका. १६ पिनीवाला प्लग बसल्यावर फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरच्या अगदी जवळ केबल वाकवायची नाही.

इथली आणखी एक सवय म्हणजे आपली दोन पिनी भारतीय वायर इथल्या तीन पिनी सॉकेटात पेनाने झाकण उघडून घालणं. चार्जरला ठीक (तेही नाहीच खरं तर), पीसीला अजिबात नको. अर्थिंग जातं, आणि इथल्या प्लगमधला फ्यूजही गेला.

दुकानदाराने जोडून दिलं असेल तरी घरी आणल्यावर साइड पॅनल उघडून बघाच. गाडीत हादरे बसतात, आणि मला तर एकदा अर्धवट बसलेला प्लगच मिळाला होता. पुढच्या खेपेला कार्डाबरोबर सप्लायही नेतोय. वजन भरतं, बायको ओरडणार आहे.