साच्याचे पैसे कोण देणार?

मागच्या वर्षी एका बॅचमध्ये मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "नवीन काम असेल तर पहिला पीस नावासाठी करा, दोन पैसे कमी घ्या, पुढची कामं आपोआप येतात." तो सल्ला मी आज परत घेतोय. निदान फायबरच्या धंद्यापुरता तरी नक्कीच.

झालं असं की त्या बॅचमधल्या गडहिंग्लजच्या एका पोराने तो शब्दशः पाळला. मोटरसायकलच्या ट्राइकची मागची बॉडी वीस हजारांत घेतली आणि आईच्या भिशीचे पैसे त्यात घालून बसला. दुकानात आला, भांडला नाही, फक्त वही पुढे ठेवली. वहीत रेझिन होतं, मॅट होतं, पॉलिश पेपर होता, पेंटरची मजुरी होती. त्याचे स्वतःचे चोवीस दिवस कुठेच नव्हते. "सर, नाव झालं. आता?" एवढंच म्हणाला.

मला उत्तर देता आलं नाही, कारण तशीच एक वही माझ्याकडेही आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवडी बाजारात मोबाईलचे कव्हर आणि चार्जर विकणारे एक दिव्यांग गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या मोटरसायकलला मागे ॲक्सल टाकून दोन चाकं बसवलेली, आरटीओत रीतसर नोंद झालेली. पण मागे नुसता अँगलचा सांगाडा. त्यांना दोन मडगार्ड, मधला टेलपीस आणि माल ठेवायला झाकणाची डिकी हवी होती. मी गाडीभोवती एक चक्कर मारली, फायबर किती लागेल याचा अंदाज घेतला आणि म्हटलं, पंचवीस हजार. बीबीएला कॉस्टिंगचा पेपर दिलेला माणूस मी!

फायबर किती लागलं ते सांगतो. सगळी बॉडी मिळून साधारण तीन चौरस मीटर. ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर, म्हणजे मॅट पावणेतीन किलो. मॅटच्या दोन-अडीच पट रेझिन, म्हणजे सहा-सात किलो. वरून दोन किलो जेलकोट. हार्डनर, वॅक्स, ब्रश, ॲसिटोन सगळं धरून तीन हजारांत काम. म्हणून तर पंचवीस हजार म्हणताना मला मनातल्या मनात गुदगुल्या होत होत्या.

पण फायबर हवेत लावता येत नाही ना. आधी पॅटर्न लागतो. प्लायवूड आणि पीयू फोम लावून गाडीवरच आकार उभा केला, पुट्टी मारली, घासला, परत पुट्टी, परत घासला. मग एक हजार नंबरच्या पेपरने पाणी मारून आरसा होईपर्यंत. त्यावर वॅक्सचे हात. मग त्या पॅटर्नवरून मोल्ड, तोही पीसच्या दुप्पट जाड, मागून प्लाय आणि अँगलचा आधार, नाहीतर वाकतो. मडगार्ड खाली आत वळत होतं, त्यामुळे एका मोल्डमधून पीस निघेना, मोल्ड दोन तुकड्यांत करावा लागला. एकोणीस दिवस गेले आणि अजून गाडीचा एकही पीस तयार नव्हता.

हिशेब असा. पॅटर्नचं सामान साडेपाच हजार, मोल्डचं सामान सहा हजार, आधाराचं प्लाय-अँगल अडीच हजार. माझी हजेरी हजार आणि हेल्परची सातशे, एकोणीस दिवसांचे बत्तीस हजार तीनशे. झाले ४६,३००. त्यापुढे प्रत्यक्ष पीसचं सामान तीन हजार, तीन दिवसांची मजुरी ५,१००, पेंटर सात हजार, म्हणजे १५,१००. एकूण ६१,४००. मिळाले पंचवीस हजार. दुकानाचं भाडं आणि लाईट बिल यात धरलेलंच नाही.

बरेच दिवस मला वाटायचं की मी भाव चुकीचा सांगितला. पण आकडे परत बघा. ४६,३०० पाच गाड्यांवर वाटले तर गाडीमागे ९,२६० येतात. त्यात पीसचे १५,१०० मिळवा. होतात २४,३६०. म्हणजे पंचवीस हजार हा भाव बरोबरच होता, फक्त तो पाच गाड्यांच्या ऑर्डरचा भाव होता आणि मी तो एकाच गाडीच्या माणसाला दिला होता. आणि ट्राइकची दुसरी गाडी तशीच येत नाही. कुणाचा ॲक्सल रुंद, कुणाची बुलेट, कुणाची जुनी स्प्लेंडर. तो मोल्ड आजही माझ्या माळ्यावर पडून आहे. दिवाळीत त्यात आम्ही आकाशकंदिलाचं सामान ठेवतो.

म्हणून माझं मत सरळ आहे : ट्राइकची बॉडी बनवणाऱ्याने पॅटर्न-मोल्डचं कोटेशन वेगळं आणि पीसचं वेगळं द्यावं, आणि एकच पीस हवा असेल तर मोल्ड करूच नये.

पहिल्या भागासाठी कुठल्या परदेशी गुरूकडे जायची गरज नाही. आपल्या कोल्हापुरातल्या फाउंड्रीत जा. कास्टिंग किलोच्या भावाने, पण पॅटर्नचे पैसे वेगळे. पार्टी पॅटर्नचे पैसे भरते आणि पॅटर्न पार्टीचा राहतो. यावर कुणी वाद घालत नाही. उद्यमनगरात माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर हे रोज चालतं, आणि मी फायबरवाला मात्र पॅटर्न फुकट घासत बसलो होतो. मोल्ड कुणाच्या मालकीचा, किती दिवस सांभाळणार, दुसऱ्याला त्यातून पीस काढून द्यायचा की नाही, हे आधी कागदावर घ्या. तोंडी नको.

दुसरा भाग कारागिरांना पटत नाही, कारण मोल्डशिवाय काम म्हणजे कमीपणा असं आपल्याकडे वाटतं. अजिबात नाही. फोमचा आकार गाडीवर बसवा, त्याच्यावरच थेट मॅट-रेझिन मारा, बाहेरून पुट्टी करून घासा, आतला फोम नको तिथे कोरून काढा. घासाई जास्त होते, पुट्टीमुळे वजन थोडं वाढतं, आतली बाजू खडबडीत राहते. पण मोल्डचं सामान आणि दिवस वाचतात. फक्त थर्माकोल वापरू नका, पॉलिस्टर रेझिनने तो विरघळतो. एका पोराने माझ्यासमोर अर्धा मडगार्ड असा घालवलाय. आणि जाता जाता, हार्डनर आणि कोबाल्ट कधीही थेट एकत्र करायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, हार्डनर शेवटी. यात चेष्टा नाही.

गडहिंग्लजच्या पोराचा अजून एक घाटा झाला, तो मला जास्त लागला. त्याने गाडी स्टँडवर उभी असताना माप घेतलं. बॉडी बसली, फोटो छान आले. दोन माणसं बसून पहिल्या खड्ड्यात गेली आणि टायर मडगार्डला घासला. शॉकअप पूर्ण दाबल्यावर चाक कुठे येतं ते आधी बघायचं असतं. आणि ही गाडी हवेवर थंड होणारी. त्याने बाजूचे पॅनल पुढे इंजिनापर्यंत ओढले, दिसायला भारी, पण हवा अडली आणि घाटात इंजिन तापायला लागलं. दोन्ही बदल पेंट झाल्यावर केले, फुकटात. कोटेशनमध्ये "पुठ्ठ्याचा नमुना पास झाल्यानंतरचा बदल जादा पैशात" ही एक ओळ असती तर निदान भिशीचे पैसे तरी वाचले असते. ही ओळ मी त्याला शिकवलीच नव्हती.

कायद्याचं थोडक्यात. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की आधी आरसी मागा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेले आणि आरसीवर असलेले मूळ तपशील बदलतील असा फेरफार चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दिव्यांगांसाठीच्या गाडीला वाट आहे, पण तीही आरटीओच्या मंजुरीने. हौसेखातर तीन चाकं लावून आलेल्या गाडीला मी हात लावत नाही. त्यात पैसे चांगले असतात हे माहीत असूनही.

आता तुम्ही म्हणाल, सर, पॅटर्नचे वेगळे पैसे सांगितले तर गिऱ्हाईक पळून जाईल. हो, जाईल. माझ्याकडून दहातली सहा-सात तरी जातात. पण जे जातं ते पंचवीस हजार घेऊन जात नाही, माझे छत्तीस हजार मला ठेवून जातं. शिवाय बाजारवाल्या त्या गृहस्थांसारखा माणूस, ज्याची रोजीच त्या गाडीवर आहे, तो पळत नाही. तो विचारतो, "एकच पीस असेल तर स्वस्तात कसं बसेल?" मग त्याला मोल्डशिवायचा भाव सांगायचा. ते गृहस्थ अजून येतात. मागच्या महिन्यात डिकीच्या बिजागरीसाठी आले होते. त्या कामात मी किती घातले हे त्यांना आजतागायत माहीत नाही, आणि सांगणारही नाही. चूक माझी होती, त्यांनी भाव पाडून मागितला नव्हता.

गडहिंग्लजच्या पोराला मी बॅचची फी परत दिली. त्याने नको म्हटलं, मी आईकडे दिली. गेल्या आठवड्यात त्याने नवीन कोटेशन पाठवलंय. दोन ओळी वेगळ्या केल्यात : पॅटर्न आणि मोल्ड ३८,०००, पीस १७,०००. खाली मोल्डशिवायचा पर्याय ३४,०००. पार्टी चंदगडची आहे, तीन गाड्या एकाच ॲक्सलच्या, तिन्ही आरटीओ मंजूर. अजून होकार आलेला नाही. शनिवारी पुठ्ठ्याचा नमुना लावून बघायला मी त्याच्याबरोबर जातोय.