थिजलेले तूप आणि शंभर मिलिलिटर

तूप हा पदार्थ घन आहे की द्रव, या प्रश्नाचा निकाल आमच्या शाळेतील शास्त्राच्या मास्तरांनी ऋतुमानावर सोपवला होता, आणि तो आम्ही इतकी वर्षे निमूटपणे मान्य करून होतो. परंतु गेल्या जानेवारीत एका विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत हा प्रश्न नव्याने उपस्थित झाला, आणि या खेपेस निकाल देण्याचा अधिकार गणवेशातील एका पंचविशीच्या जवानाकडे होता. आमच्या वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी दुबईस निघाल्या होत्या व मलाही तिकडे काही काम निघाल्यामुळे त्यांना माझी सोबत झाली होती. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून, जुन्या धुवट पंचात गुंडाळलेली, काचेची एक बरणी निघाली. बरणीत घरी कढवलेले अर्धा किलो साजूक तूप होते, थंडीने रवाळ थिजलेले. जवानाने बरणी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "मावशी, हे आत नेता येणार नाही. पातळ वस्तू शंभर मिलिलिटरच्या वर चालत नाही." वहिनींनी त्याच्या हातून बरणी परत घेतली, झाकण घट्ट आहे याची खात्री केली, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती सरळ उलटी धरली. तूप तसूभरही हलले नाही. "पातळ कुठे आहे रे बाळा? दगड झालाय नुसता." तो पोरगा गालातल्या गालात हसला, पण मग त्याने पाठीमागच्या फलकाकडे बोट केले, आणि फलकाशी वाद घालता येत नाही.

हा नियमच मूर्खपणाचा आहे, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसणार नाही. द्रवाचे भय पोकळ नव्हते व नाही. २९ नोव्हेंबर १९८७ रोजी बगदादहून अबू धाबी व बँकॉकमार्गे सेऊलला निघालेले कोरियन एअरचे विमान अंदमानच्या समुद्रावर नाहीसे झाले आणि ११५ माणसे प्राणास मुकली. अबू धाबीस उतरून गेलेल्या दोन उत्तर कोरियाई हस्तकांनी मागे ठेवलेल्या सामानात स्फोटकाचा काही भाग मद्याच्या बाटलीत भरलेला होता. पुढे ११ डिसेंबर १९९४ रोजी मनिलाहून सेबूमार्गे टोकियोस जाणाऱ्या फिलिपाइन्सच्या विमानात स्फोट होऊन एक जपानी प्रवासी दगावला. तेथे द्रव स्फोटक विमानात नेले होते ते डोळ्यांत घालावयाच्या भिंगांच्या औषधी पाण्याच्या बाटलीतून. म्हणजे ज्ञान होते, अनुभवही होता. तरी हातातल्या सामानावर निर्बंध आला तो आणखी बारा वर्षांनी, १० ऑगस्ट २००६ रोजी, जेव्हा शीतपेयांच्या बाटल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडयुक्त मिश्रण भरून अटलांटिक ओलांडणारी विमाने आकाशात उडवून देण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघडकीस आणला. त्या दिवशी ब्रिटनमधील प्रवाशांना विमानात पारपत्र, पैशाचे पाकीट आणि अशाच मोजक्या वस्तू, त्याही पारदर्शक पिशवीत घालून, नेण्याची मुभा होती. आणि तान्ह्या मुलांच्या आयांना बाटलीतले दूध अधिकाऱ्यांदेखत स्वतः चाखून दाखवावे लागत होते. २००९ साली तिघांवर विमाने उडवण्याच्या कटाचा आरोप शाबीत झाला.

सरसकट बंदीवर व्यापार चालत नाही आणि प्रवासही चालत नाही, म्हणून दीड महिन्यानेच तडजोड निघाली: २६ सप्टेंबरला अमेरिकेत, ६ नोव्हेंबरला युरोपीय संघात, आणि पुढल्या वर्षी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिफारशीने बहुतेक जगात. प्रत्येक बाटली शंभर मिलिलिटरची, आणि अशा साऱ्या बाटल्या एक लिटर मावेल एवढ्या एकाच पारदर्शक पिशवीत. आपल्याकडे नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने तोच शिरस्ता परदेशी जाणाऱ्या विमानांना लावला. देशांतर्गत प्रवासात पाण्याची बाटली सहसा कोणी हिसकावून घेत नाही, आणि त्यामुळेच पुण्याहून दिल्लीस नेहमी जाणारा मनुष्य परदेशी निघाला की प्रथमच या फलकासमोर उभा राहतो.

या कायद्यात द्रव या शब्दाची व्याप्ती अशी विलक्षण आहे की पाणिनीनेही चकित व्हावे. पाणी, तेल, अत्तर हे तर आलेच. पण दंतमंजनाची पेस्ट, मध, मोरंबा, श्रीखंड, लोणच्याचा खार, केसांना चोपडावयाचे जेल हे सारे द्रवच. अमेरिकन सुरक्षा यंत्रणेने तर शेंगदाण्याचे लोणीदेखील द्रव ठरवले, आणि त्यावर तिकडे बरीच थट्टा झाली. उलट त्याच देशात पाणी पूर्ण गोठून बर्फ झालेले असेल तर तपासणीतून जाऊ देतात, किंचित विरघळलेले असेल तर मात्र नाही. वहिनींचा युक्तिवाद तेथे कदाचित टिकला असता, असे मला उगीचच वाटून गेले. पण शेंगदाण्याच्या लोण्याची दशा पाहता तेथेही नसता टिकला. दुसरी गंमत अशी की मोजमाप होते ते भांड्याचे, आतल्या ऐवजाचे नव्हे. दोनशे मिलिलिटरच्या नळीत तळाशी बोटभर पेस्ट उरली असेल तरी ती नळी बाद. आणि शंभराच्या दहा कुप्या पिशवीत बसल्या तर पसंत. यामागे तर्क आहे. यंत्रासमोर बसलेल्या माणसाने दर मिनिटाला कित्येक सामाने पाहावयाची असतात. प्रत्येक नळीत किती उरले याचा हिशेब तो करू शकत नाही, भांड्यावर छापलेला आकडा मात्र वाचू शकतो. नियम जेव्हा घाईत अमलात आणावयाचा असतो तेव्हा तो असा ढोबळच करावा लागतो, आणि मला त्याबद्दल तक्रार नाही.

माझी तक्रार निराळी आहे. ती जागेची आहे.

पूर्वी जकातनाके होते, तेव्हा गाडीवान मालाची मोजदाद होईपर्यंत कुरकुरत उभा राही, कारकुनाशी हुज्जत घाली, आणि अगदीच परवडेनासे झाले तर निदान गाडी माघारी वळवू शके. विमानतळावर असे होत नाही. वहिनींनी तूप हातातल्या पिशवीत ठेवले होते ते कायदा मोडण्याच्या हेतूने नव्हे, तर मोठ्या बॅगेत काच फुटेल आणि बाळासाठी शिवलेली दुपटी तुपात भिजतील या भीतीने. आणि परदेशी निघालेल्या हजारो आया हाच विचार करतात. तिकीट दाखवण्याच्या खिडकीशी त्या उभ्या होत्या तेव्हा मोठी बॅग हाताशी होती, वेळ होता, आणि दाराशी सोडायला आलेला पुतण्या अजून गाडीपर्यंतही पोहोचला नव्हता. तेथील मुलीने मोठ्या बॅगेत पॉवर बँक आहे काय हे अगत्याने विचारले, लायटर आहे काय हेही विचारले, हातातली पिशवीसुद्धा काट्यावर ठेवून तोलली. त्या पिशवीत तेल, तूप, लोणचे काही आहे काय, एवढे मात्र विचारले नाही. पुढे आपल्याकडे बहुधा पारपत्रावर निर्गमनाचा शिक्का आधी बसतो आणि सुरक्षा तपासणी मागाहून होते. शिक्का बसलेल्या माणसाने माघारी फिरावयाचे म्हणजे तो शिक्का रद्द करविणे आले, पुन्हा खिडकीची रांग आली, आणि विमान सुटण्यास पाऊण तास उरलेला असताना सत्तरीच्या बाईकडून हे होणे नाही. परत फिरण्याची मुभा असते, पण ती कागदोपत्री. म्हणून बरणी तेथील पोलादी टेबलावर राहिली, खोबरेलाच्या दोन निळ्या बाटल्या, एक मधाची शिशी आणि कुणाचेसे कैरीचे लोणचे यांच्या पंक्तीला. ठेवण्यापूर्वी वहिनींनी तिचे झाकण पदराने पुसले.

तपासणीपलीकडच्या दुकानातून घेतलेली मद्याची लिटरभर बाटली मात्र मोहोरबंद पारदर्शक पिशवीतून विमानात आली, आमच्या पुढच्याच आसनावर. तिच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. ती तपासलेल्या मार्गाने दुकानात आलेली असते. वहिनींनी मात्र तिच्याकडे दोनदा वळून पाहिले.

आता या नियमाच्या वयाकडे पाहू. तो जन्मला तो यंत्राच्या आंधळेपणातून. जुने क्ष-किरण यंत्र सामानाची सपाट छाया दाखवते, आणि छायेत पाणी व पेरॉक्साइड यांचा भेद ओळखणे कठीण. इस्पितळातील सीटी स्कॅनच्या जातीचे नवे यंत्र सामानाभोवती फिरून काप काढते, प्रत्येक वस्तूची घनता गणिताने ठरवते, आणि बाटली न उघडता आत काय असावे याचा पुष्कळसा नेमका अंदाज देते. अशी यंत्रे आल्यावर लंडन सिटी विमानतळाने एप्रिल २०२३ मध्ये मर्यादा दोन लिटरपर्यंत वाढवली. प्रवाशांनी सुटकेचा निश्वास टाकला असेल नसेल, तोच जून २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने तेथे व तशाच काही विमानतळांवर पुन्हा शंभराचा अंमल बसवला. सप्टेंबरपासून युरोपीय संघानेही तेच केले. मग जुलै २०२५ मध्ये संघाने एका यंत्रास हिरवा कंदील दाखवला, आणि डब्लिनला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दोन लिटरची मोकळीक आली. परिणाम असा की एका गावाहून निघताना पिशवीत राहिलेली बाटली दुसऱ्या गावाहून परतताना टोपलीत जाते. यात लबाडी कुणाचीच नाही. यंत्रे चुकतात, चाचण्या पुन्हा कराव्या लागतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु घटकेत सुटणारी व घटकेत आवळणारी ही दोरी कोणत्या कारणाने हलली हे प्रवाशास कोणी सांगत नाही, आणि कारण न कळलेला नियम लोक भीतीने पाळतात, समजून नव्हे.

आपल्याकडेच याहून चांगला नमुना आहे, आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. हातातल्या सामानात नारळ नेण्यास एरवी मज्जाव असतो; पण शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ जवळ बाळगावा लागतो, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने त्यास परवानगी दिली. ती देताना नारळ कसा तपासला जाईल तेही सांगितले, आणि ही सवलत २० जानेवारी २०२५ पर्यंतच, अशी मुदतही घातली. कारण, पद्धत, मुदत, तिन्ही एका हुकमात. शंभर मिलिलिटरच्या फर्मानास मात्र मुदत नाही. तात्पुरत्या तजविजीचे रूपांतर वहिवाटीत होऊन दोन दशके होत आली तरी त्याचा फेरविचार केव्हा होणार, हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही.

मला दोनच गोष्टी हव्या आहेत. तिकिटाच्या खिडकीशी, मोठी बॅग पट्ट्यावर चढण्यापूर्वी, पॉवर बँकेच्या प्रश्नाशेजारी तेला-तुपाचा प्रश्नही विचारला जावा, आणि तो प्रवाशास कळेल त्या भाषेत. आणि जो जिन्नस तरीही तपासणीशी अडेल, तो पावती देऊन ठेवून घेण्याची व चार दिवसांत घरच्या माणसास परत देण्याची सोय असावी. त्यासाठी मोबदला घेतला तरी चालेल. वहिनींनी त्या बरणीसाठी शंभर रुपये आनंदाने दिले असते.

परवा त्यांचा दूरध्वनी आला. नातीच्या उष्टावणासाठी त्या पुन्हा निघाल्या आहेत. तूप या खेपेस स्टीलच्या फिरकीच्या डब्यात, त्यावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर जुने लुगडे, अशा बंदोबस्तात मोठ्या बॅगेत गेले आहे. उन्हामुळे ते आता अगदी पाण्यासारखे झाले आहे हे सांगायलाही त्या विसरल्या नाहीत. त्यांची शंका वेगळी होती. मेतकुटाची पुडी हातातल्या पिशवीत ठेवली तर ते द्रव धरतील काय? अमेरिकेच्या विमानांना साडेतीनशे मिलिलिटरच्या वरची पूड वेगळी तपासतात हे मला ठाऊक होते, पण दुबईस ती अडचण येऊ नये, असे मी त्यांना सांगितले. "मग दही तिकडेच लावीन," त्या म्हणाल्या.