मांजराचा वास आणि माणसाचे नाक

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. ज्या सभासदांनी घरात मांजरे पाळली आहेत त्यांच्या घरांतून जिन्यात दुर्गंधी येते. सबब दिवाळीपूर्वी त्यांनी मांजरांची योग्य ती व्यवस्था करावी, असा मजकूर होता. खाली सेक्रेटरींची सही, सहीवर शिक्का. संपादकांनी माझ्याकडे या अंकासाठी कथा मागितली होती. ती पुढल्या वर्षी देईन. यंदा मला या कागदाशी भांडायचे आहे.

'योग्य ती व्यवस्था' या शब्दांची मला धास्ती वाटते. सरकारी पत्रात ते आले की काम होणार नाही असे समजावे, आणि मांजराच्या बाबतीत आले की पोते निघाले असे समजावे. हे पोते मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर घरातला कर्ता पुरुष एक पिशवी घेऊन खाली उतरतो, स्कूटरला लटकावतो, मासळीबाजाराच्या मागे किंवा खाडीपलीकडे जाऊन पिशवीचे तोंड सोडतो, आणि परत येऊन मुलांना सांगतो, "तिकडे त्याला खूप मासे मिळतील." मुले लहान असतात. बापावर विश्वास ठेवतात.

प्रथम एक कबुली देऊन टाकतो. वास येतो. "आमच्या मनीला मुळी वासच नाही हो!" असे जे मार्जारप्रेमी छातीवर हात ठेवून सांगतात, त्यांची वकिली मी पत्करलेली नाही. उलट, सेक्रेटरींच्या कागदाला निम्मे बळ या मंडळींनीच दिले आहे. नाकाचा स्वभावच असा की, एकच वास सतत येत राहिला तर थोड्याच वेळात ते त्याची दखल घेणे सोडून देते. कोळणीला मासळीचा वास येत नाही, आम्हां मास्तरांना पावसाळ्यातल्या वर्गाचा येत नाही. मी राहतो त्या डोंबिवलीत तर 2014 साली हिरवा पाऊस पडला होता. कारखान्यांच्या अंगाने येणारा वास इथे आम्ही वर्षानुवर्षे हुंगत आलो आहोत, आणि त्याच आमच्या नाकांना तिसऱ्या मजल्यावरचे एक मांजर सहन होत नाही! असो. सांगायचे ते हे, की आपल्या घराला वास आहे की नाही हे घरच्या माणसाने ठरवायचे नसते. एका गणपतीत चार दिवस कोकणात राहून मी परतलो (मांजर तेवढे दिवस मेहुणीकडे होते), कुलूप काढले, आणि दार उघडल्याबरोबर जो पहिला श्वास आत गेला त्याने माझा सारा अभिमान उतरवला. बायको म्हणाली, "आता कळलं, जोशीकाकू आपल्याकडे बसायला का येत नाहीत ते."

परंतु वास येतो म्हणून मांजर घाणेरडे, हे अनुमान मात्र साफ खोटे आहे. आपली घाण उकरून, पुरून, वर माती लोटून, पुन्हा हुंगून खात्री करून घेणारा दुसरा प्राणी आपल्या घरात नाही. आणि यात मी माणसे धरली आहेत. माझ्या आजोळी चार मांजरे होती. त्यांचा वास कधी कोणाला आला नाही. कारण मागे परसू होते, परसात राखेचा ढीग होता, आणि मांजरे आपापले पाहून घेत. आपण त्या जनावराला उचलून तिसऱ्या मजल्यावर आणले, पायाखाली चकचकीत फरशी घातली, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, आणि उकरायला मूठभर माती दिली नाही. मग ते बिचारे गादी उकरते. गादी ही त्याच्या दृष्टीने त्या घरातली सर्वांत मऊ जमीन असते.

सेक्रेटरींशी माझे याबाबत बोलणे झाले. ते म्हणाले, "सर, राग मानू नका. पण तुम्ही चित्रकला शिकवता, कादंबऱ्या लिहिता. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालोय. मांजराच्या मुतात अमोनिया असतो, त्याला फिनाइलशिवाय उपाय नाही."

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आता तिला दहावी म्हणतात, पण माझे वडील शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. पुढे नोकरीपुरती चित्रकलेची पदविका घेतली, एवढेच. तेव्हा रसायनशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही हे खरे. पण मॅट्रिक माणसाला वाचता येते, आणि मी वाचले.

मांजराचे मूळ कूळ आफ्रिका-पश्चिम आशियाकडच्या रानमांजराचे, म्हणजे कोरड्या मुलखातले. पाणी जपून वापरणे हा त्याच्या मूत्रपिंडांचा धर्म. त्यामुळे ते मूत्र थोडे आणि दाट असते. ते ताजे असताना त्यात अमोनिया जवळजवळ नसतो. त्यात युरिया असतो. जंतू त्याचा अमोनिया करतात, आणि त्याला वेळ लागतो. म्हणजे डोळ्यांत चरचरणारा जो वास सेक्रेटरींना जिन्यात येतो, तो मांजराने केलेला नसून मांजरामागून न पुसणाऱ्या मालकाने केलेला असतो. दुसरी गोष्ट याहून मजेची. 1953 साली वेस्टॉल नावाच्या संशोधकाने मांजराच्या मूत्रातून गंधकयुक्त असे एक नवे द्रव्य वेगळे काढले. त्याला फेलिनिन म्हणतात. 2006 साली जपानच्या मासाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मांजराच्या मूत्रपिंडात तयार होणारे कॉक्सिन नावाचे प्रथिन हे फेलिनिन घडवण्याचे काम करते. या फेलिनिनला स्वतःला वास नाही. ते हळूहळू फुटते आणि त्यातून तो उग्र 'बोक्याचा वास' बाहेर पडतो. आज स्वच्छ वाटलेला कोपरा उद्या का घमघमतो, त्याचे हे कारण. आणि फरशीच्या सांध्यात, गोणपाटात, गादीत वाळून बसलेले ते क्षार आषाढाच्या दमट हवेत पुन्हा ओलावतात, म्हणून उन्हाळ्यात निघून गेलेला वास पावसाळ्यात माहेरवाशिणीसारखा परत येतो.

आता फिनाइल. आपल्या लोकांची फिनाइलवर जी श्रद्धा आहे तेवढी देवावरही नसेल. फिनाइलचा वास आला की स्वच्छता झाली. ती झाली की नाही हे पाहण्याचे कारण उरत नाही. वस्तुतः एक वास दुसऱ्या वासावर अंथरला, एवढेच घडलेले असते. काळ्या फिनाइलमध्ये डांबरातून निघालेली फिनॉल जातीची द्रव्ये असतात. माणसाचे यकृत ती बऱ्यापैकी निकामी करून बाहेर टाकते. मांजराच्या यकृताला ते काम धड येत नाही. मांजर फरशीवरून चालते आणि मग बसून पंजे चाटते. म्हणजे जो फिनाइलने फरशी पुसतो तो मांजराला थोडे थोडे विष चाटवतो, आणि ते आजारी पडले की म्हणतो, "बघा, मांजर म्हणजे रोगराईच!" ब्लीचिंग पावडरचे त्याहून वाईट. ती अमोनियावर पडली तर जो वायू निघतो तो माणसाच्याही घशाला आणि छातीला घातक आहे. आणि उदबत्ती? उदबत्तीने मांजराचा वास जात नाही. देवघरात मांजर बसल्याचा वास येतो.

मग करायचे काय, असे वाचक विचारतील. करायचे ते इतके साधे आहे की सांगायला लाज वाटते. ओले असतानाच जुन्या कापडाने टिपून घ्यावे. चोळू नये, चोळल्याने ते आत मुरते. मग साध्या पाण्याने दोनतीनदा टिपावे. एन्झाइमचे द्रावण मिळते, ते ओतून पाव तास तरी तसेच राहू द्यावे. त्याचे काम सावकाश चालते आणि आपल्याला घाई असते. गादी उन्हात टाकावी. या शहाणपणाला बी.एस्सी. लागत नाही.

पण मुख्य उपाय आहे तो पेटीचा. 1947 सालापर्यंत अमेरिकेतसुद्धा घरातल्या मांजरांखाली राख नि वाळूच असे. त्या वर्षी मिशिगनमधल्या कॅसोपोलिस गावी एड लो नावाच्या माणसाकडे शेजारची बाई वाळू मागायला आली. त्याने वाळूऐवजी आपल्याकडची ओल शोषणारी माती दिली. दुसऱ्या खेपेला बाईंनी तीच मागितली, आणि त्यातून पुढे मोठा धंदा उभा राहिला. ती माती कोणती? फुलर्स अर्थ, म्हणजे आपली मुलतानी माती! आमच्या लेकीसुना लग्नाच्या आधी आठ दिवस तोंडाला फासतात, तीच. ओल लागली की गोळा होणारी बेंटोनाइट माती तर आपल्या कच्छात निघते. मी प्रथम दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने "लिटर पाहिजे?" असे विचारले, आणि मला वाटले तो दुधाचे बोलतो आहे. महाग वाटली तर लाकडाचा भुसा चालतो, धुतलेली वाळू चालते. पेटीत दोन बोटे खोल थर हवा, एका मांजराला शक्य तर दोन पेट्या हव्यात, आणि रोज सकाळी, चहाच्या आधी, त्यातला मळ काढून टाकायला हवा. (तो गोळा संडासात टाकू नये. तो पाण्यात फुगतो आणि मग खालच्या मजल्यावरचे सभासद वेगळा कागद लावतात.) हे रोजचे काम आहे. ज्याच्याच्याने होत नसेल त्याने मांजर पाळू नये. पण पाळले नि झाले नाही, तर पोत्यात स्वतः बसावे.

बोका असेल तर शस्त्रक्रिया करून घ्यावी. बोक्याच्या उग्र वासाचे मूळ त्याच्या वयात येण्यात आहे, आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर भिंतीवर पिचकाऱ्या मारण्याची सवय बहुतेकांची सुटते. यावर आमच्याकडे एक आजोबा म्हणाले, "मुक्या जनावराचा वंश खुंटवायचा म्हणजे पाप हो सर!" हेच आजोबा मागल्या वर्षी तीन पिल्ले पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून रेल्वे फाटकापलीकडे ठेवून आले होते.

आता जे सांगतो ते सांगायला मला जड जाते. आमचा गुंड्या शस्त्रक्रिया झालेला, पेटीचा नेम कधी न मोडणारा बोका. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात तो एकाएकी कुठेही बसू लागला. मोरीत, दाराशी, आणि एक दिवस माझ्या हस्तलिखितावर. नव्वद पाने फाउंटनपेनने लिहिलेली, शाई फुटली. मी त्याची मान धरली, त्याचे नाक त्या ओल्या पानांत दाबले आणि दोन चापट्या मारल्या. असेच करायचे असते, असे लहानपणापासून पाहत आलो होतो. तो ओरडला नाही. कपाटाखाली गेला.

रात्री बायकोने मला उठवले. "अहो, हा सारखा बसतोय, आणि येत काहीच नाही." दिवा लावून पाहिले. फरशीवर एक थेंब होता, आणि तो लाल होता. सकाळी सातला मी डॉक्टरांच्या दाराशी उभा होतो. लघवीची वाट बंद झाली होती. त्यांनी नळी घालून ती मोकळी केली आणि म्हणाले, "आणखी एक दिवस गेला असता तर बोका राहिला नसता. बोक्यांत हे होतं. जागा सोडून बसायला लागला की आधी आमच्याकडे आणायचं, सर."

त्यानंतर चार महिन्यांनी आमच्या खालच्या मजल्यावरचा पांढरा बोका जागा सोडून बसू लागला. मला हे नंतर कळले. त्या घरातला मुलगा आमच्याच शाळेत सातवीत आहे. त्याने चित्रकलेच्या तासाला मला विचारले, "सर, मांजर लांब सोडलं तरी वास काढत परत येतं ना?" मी विचारले, कधी सोडले? म्हणाला, "रविवारी. सोफ्यावर घाण करत होता. सारखा बसायचा." तो दिवस गुरुवार होता. त्या बोक्याला खोडी होती की दुखणे होते, हे आता कोणालाच कळणार नाही. दुखणे असेल, तर तो सोमवार-मंगळवारपलीकडे गेला नसणार, आणि मासळीबाजारातले मासे त्याने तोंडातही धरले नसणार. मी त्या मुलाला "येतं कधी कधी" असे सांगितले. मीही खोटेच सांगितले.

सेक्रेटरींच्या कागदावर 'व्यवस्था' हा शब्द आहे, म्हणून कायद्याचेही सांगतो. 1960 सालच्या प्राण्यांवरील क्रूरताप्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमाप्रमाणे, अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा तऱ्हेने जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे तो दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. मांजराच्या जिवाची किंमत आपल्या कायद्याने अशी केली आहे. एवढ्या पैशांत फिनाइलची बरीशी बाटलीही येत नाही. तेव्हा कायद्याचा धाक मी कोणाला घालत नाही; धाक घालण्यासारखे त्यात काही ठेवलेलेच नाही.

सोसायटीची सर्वसाधारण सभा भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे. त्या दिवशी सकाळी मी सेक्रेटरींना सहकुटुंब फराळाला बोलावणार आहे. दार लावून घेईन, उदबत्ती लावणार नाही. मांजराची पेटी कोणत्या खोलीत आहे हे त्यांनी नाकाने शोधून काढावे. सापडली तर सभेत मी एक शब्द बोलणार नाही. जोशीकाकू पंच म्हणून येणार आहेत. चकल्या बायकोने केल्या आहेत, आणि गुंड्या चकल्यांना तोंड लावत नाही.